तबलावादकाचे मनगट आणि शिकवणीची भाषा

तबल्याच्या बोलांचा विचार भाषाभ्यासकाने केला, तर त्यात कोणास नवल वाटणार नाही. परंतु तबलावादकाच्या मनगटाचा विचार त्याने का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज उद्भवेल. त्याचे उत्तर असे की, मनगटाच्या दुखण्याचे एक कारण शिकवणीच्या भाषेत दडलेले असते. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत काही वर्षे तबल्याचे शिक्षण घेतले. 'हात सोडून वाजवा' ही सूचना त्याला नित्य मिळे. ती त्याने आपल्या समजुतीप्रमाणे पाळली. म्हणजे मनगट खाली सोडून दिले. वर्षभरात लेखणी धरणेही कठीण झाले. सूचना चुकीची नव्हती. तिचा अर्थ मात्र निश्चित नव्हता.

१. 'हात' आणि 'मनगट'

मराठीत 'हात' हा शब्द खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या संपूर्ण अवयवास लावतात, आणि केवळ पंजासही लावतात. त्यामुळे 'हात सोडा' याचा अर्थ खांदा सैल ठेवा, कोपर मोकळे ठेवा, की पंजा लोंबू द्या, हे ऐकणाऱ्यास ठरवावे लागते. 'मनगट' या शब्दाचीही तीच गत आहे. डग्ग्यावर मींड 'मनगटाने' काढावयाची असे सांगतात. प्रत्यक्षात पुडीवर घासतो तो तळहाताचा मनगटालगतचा भाग होय. ज्यास हा भेद उमगत नाही, तो सांधा वाकवून सर्व भार त्यावर टाकतो.

शरीररचना पाहता बोटे वाकविणारे प्रमुख स्नायू पंजात नसून कोपरापुढच्या भागात असतात. त्यांच्या ९ कंडरा आणि एक मज्जातंतू मनगटातील अरुंद बोगद्यातून पंजात उतरतात. ८ लहान हाडांनी हा बोगदा घडलेला असून वरून त्यास एका जाड बंधाचे छत आहे. मनगट पुढे वा मागे फार वाकले की बोगद्यातील दाब वाढतो. म्हणून 'सैल मनगट' याचा योग्य अर्थ 'वाकलेले मनगट' असा नसून 'सरळ, पण न ताठरलेले मनगट' असा घेतला पाहिजे.

२. बोल आणि भार

बोल हे आघातांचे उच्चारित रूप होय. डाव्या हाताचा मिटलेला आघात 'क'ने आणि घुमारा असलेला आघात 'ग' किंवा 'घ'ने दर्शवितात. अघोष आणि घोष हा भेद येथे अर्थपूर्ण आहे. परंतु कोणत्या हातावर किती भार पडतो, हे उच्चारावरून चटकन ध्यानात येत नाही. 'तिरकिट' हा बोल घ्या. जिभेला त्यातील चारही अक्षरे सारखीच. हातांना मात्र नाहीत. सामान्यतः 'ति', 'र' आणि 'ट' उजव्या हाताने व केवळ 'कि' डाव्या हाताने वाजते. मिनिटास ६० मात्रांच्या लयीत मात्रेस आठ अक्षरे धरली, तर एकट्या उजव्या हाताचे आघात मिनिटास ३६० व अर्ध्या तासात १०,८०० होतात. एवढ्या आवर्तनात लहानसा दोषही लहान राहत नाही.

'धिरधिर' या बोलात तळहात करंगळीच्या बाजूकडून अंगठ्याच्या बाजूकडे डोलतो. ही फिरकी कोपरापुढील दोन हाडांची आहे; मनगट आडवे मुरडून ती साधू पाहणाऱ्याच्या अंगठ्याकडील कंडरा दुखावतात. 'ना' वाजविताना अनामिका शाईच्या कडेवर अलगद टेकलेली असावी; ती दाबून धरल्यास सारा पंजा ताठ होतो.

३. वेदनेचा शब्दसंग्रह

'रियाज' हा शब्द ज्या अरबी मूळापासून आला, त्यास शिस्त आणि तपश्चर्या असे अर्थ आहेत. 'चिल्ला' हा फारसीतील चाळीस या संख्येवरून आलेला आहे. तपश्चर्येच्या या कल्पनेमुळे वेदना ही साधनेची खूण मानली जाते. हा समज घातक आहे. कारण सर्व वेदना एका जातीच्या नसतात, आणि मराठी भाषेने त्यांची वर्गवारी आधीच करून ठेविली आहे. हात 'भरून येणे' हा बहुधा स्नायूंचा थकवा. तो विश्रांतीने जातो. ठराविक हालचालीस 'चमक' निघणे हे कंडरा दुखावल्याचे लक्षण असू शकते. स्वस्थ असतानाही 'ठणका' लागणे हे दाहाचे सूचक असू शकते. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत 'मुंग्या येणे' अथवा ती 'बधिर होणे', विशेषतः रात्री, हे बोगद्यातील मज्जातंतू दबल्याचे चिन्ह असू शकते. पहिला प्रकार सोडता इतर तिन्हींत वादन थांबवावे; ती लक्षणे टिकल्यास वैद्यकीय सल्ल्यास विलंब करू नये.

४. उपाय

तबला चुंबळीवर अशा उंचीवर व कलावर ठेवावा की कोपरापासून पंजाच्या पाठीपर्यंत जवळजवळ एक रेषा राहील. तो फार दूर असल्यास खांदा उचलला जातो. आरंभ विलंबित लयीत करावा. लय आणि वादनाचा काळ ही दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली घ्यावेत. नादासाठी बळ वाढविण्याऐवजी आघातानंतर बोट त्वरित उचलले जाते की नाही, हे पाहावे.

दुखणे आल्यास विश्रांती हा पहिला उपचार होय. बधिरतेत रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी वैद्य सुचवितात. या काळात साधना खंडित होते असे मात्र नाही. पढंत, म्हणजे हाताने ताल देत मुखाने बोल म्हणणे, ही आपल्या परंपरेतीलच रीत आहे. दुखऱ्या हातास विसावा देऊन दुसऱ्याने मांडीवर ताल धरता येतो. कायद्याचा विस्तार, तिहाईची मांडणी आणि लयीचे भान ही सर्व पढंतीने जिवंत राहतात. वादनाकडे परतताना पूर्वीच्या निम्म्या वेळेने व संथ लयीने परतावे.

गुरूने 'हात' म्हणण्याऐवजी 'खांदा', 'कोपर' किंवा 'बोट' असे नेमके म्हणावे, आणि शिष्याने 'दुखते' म्हणण्याऐवजी चमक, ठणका की मुंग्या हे सांगावे. एवढा शब्दांचा काटेकोरपणा उभयतांनी पाळला, तर अनेक मनगटे वाचतील.