मुरमातले पाणी

पुण्यामुंबईकडच्या वाचकाला दगड म्हटले की काळा कातळच आठवतो. गडाचे बुरूज त्याचे, देवळाच्या पायऱ्या त्याच्या, घरातला पाटावरवंटाही त्याचाच. त्यात नवल नाही. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून अधिक भूमी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने व्यापलेली आहे. नागपूर शहर या कातळाच्या सीमेवर वसले आहे. तेथून आगगाडीने पूर्वेकडे निघालात, की खालचा खडक बदलतो.

गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्याला मी गेलो तो बोलीतले शब्द टिपायला. परतलो तो डोक्यात खडक घेऊन! एका वृद्ध शेतकऱ्याने आपले दुःख दोन वाक्यांत सांगितले : “तीनशे फूट बोर मारली, धूळ निघाली जी. अन् बाजूची जुनी विहीर चाळीस फुटांची, तिला पाणी आहे!” बोरसाठी काढलेले कर्ज मात्र अजून फिटायचे होते.

हे कोडे खडकच उलगडतो. या मुलखातला पायाचा खडक म्हणजे नाइस आणि ग्रॅनाइट. त्याचे वय दोन अब्ज वर्षांच्या घरातले. त्याच्यापुढे सह्याद्रीचा कातळ म्हणजे कालचे पोर. हा खडक घट्ट, त्याच्या अंगात पाणी मुरायला जागाच नाही. मात्र युगानुयुगांच्या ऊनपावसाने त्याचा वरचा थर कुजून मुरूम झाला आहे. पाणी साठते ते या मुरमात आणि त्याखालच्या भेगांत. जसजसे खोल जावे तसतशा भेगा विरळ होतात. म्हणून जुनी विहीर भरते आणि भेग न सापडलेली बोर कोरडी जाते. शिवाय अशा खडकात फार काळ मुरलेल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लुओराइड उतरते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली, की दात आणि हाडे बिघडतात.

येथे कोणी विचारील, गोंडवनात कोळसा नाही काय? गोंडांच्या या मुलखाचे नाव मेडलिकट या भूवैज्ञानिकाने १८७२ मध्ये खडकांच्या एका मालिकेला दिले, आणि पुढे १८८५ मध्ये झ्यूसने एका प्राचीन महाखंडाला. आपल्या शेजारचा शब्द असा जगभर गेला! त्या मालिकेतला कोळसा वर्धेच्या खोऱ्यात, उमरेडला, कामठीला आहे. येथला पायाचा खडक मात्र त्याहून फार जुना. तो घडला तेव्हा जमिनीवर झाडच नव्हते, मग कोळसा कशाचा व्हायचा?

येथली संपत्ती म्हणजे पाणी, आणि हे जुन्या माणसांनी ओळखले होते. कोहळी मंडळींनी उताराला पाळ घालून तलाव बांधले, लहानांना बोड्या म्हटले. नवेगाव बांधचा तलाव त्यांच्याच परंपरेतला. तलाव धानाला पाणी देई. त्यातून झिरपलेले खालच्या विहिरींत उतरे. भूशास्त्राचे पुस्तक न उघडता त्यांनी मुरमाची कोठी भरून ठेवली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा होताच गाळ काढणारे हातही पुष्कळ ठिकाणी दूर झाले. तलाव उथळ झाले, बोरची यंत्रे आली.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरची रेघ ओढली आहे. शेतीसाठी त्याहून खोल जाण्याला त्यात मनाई आहे. पण कायद्यापेक्षा जुनी आहे आपली म्हण : आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? बोर म्हणजे केवळ लांब पोहरा. आड भरतो तो पाळीमागे अडलेल्या पावसाने. तेव्हा गावाकडून बोरसाठी पैसे मागणारे पत्र आले, तर उलट टपाली एवढेच विचारावे : गावच्या बोडीतला गाळ शेवटचा कधी काढला?