अंक, तर्क आणि स्पर्धा-परीक्षा

एक मनुष्य आपल्या गावाहून शहरास ताशी ४० किलोमीटर वेगाने गेला व त्याच वाटेने ताशी ६० किलोमीटर वेगाने परत आला. संपूर्ण प्रवासातील त्याचा सरासरी वेग किती?

हा प्रश्न वाचताच दहापैकी आठ वाचक मनातल्या मनात ४० आणि ६० यांची बेरीज करतील, तिला २ ने भागतील व ‘५०’ असे उत्तर देतील. उत्तर चुकलेले आहे. परंतु त्यात बेरजेची चूक नाही की भागाकाराचीही नाही. चूक घडली ती गणितास आरंभ होण्यापूर्वीच. सरासरी वेग म्हणजे वेगांची सरासरी नव्हे. एकूण अंतरास एकूण वेळाने भागले असता जे येते तो सरासरी वेग होय. ही व्याख्या आठवण्याआधीच हात आकडेमोडीकडे धावला आणि तेथेच गुण हातचा गेला.

स्पर्धा-परीक्षांतील बहुसंख्य उमेदवार अशाच ठिकाणी अडखळतात. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून सामान्य अध्ययनाची दुसरी प्रश्नपत्रिका आकलन, तर्क व मूलभूत अंकज्ञान यांची असते. तीत ८० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असा हिशेब आहे. म्हणजे एका प्रश्नास सरासरी दीड मिनिट मिळते. २०१५ पासून या प्रश्नपत्रिकेत किमान ३३ टक्के गुण मिळविणे एवढेच आवश्यक ठरले. तथापि तेवढे गुण न मिळाल्यास पहिल्या प्रश्नपत्रिकेतील सर्व परिश्रम व्यर्थ जातात. आणि यातील अंकज्ञान किती वरच्या दर्जाचे? अभ्यासक्रमाच्याच शब्दांत सांगावयाचे तर दहावीच्या पातळीचे! इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांची जाडजूड पुस्तके पचविलेला पदवीधर शाळेत शिकलेल्या त्रैराशिकापाशी थबकतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

अशा वेळी तो ‘क्लृप्त्यां’च्या शोधात निघतो. झटपट गुणाकाराच्या युक्त्या, पाठ करावयाची सूत्रे, डोळे मिटून लावावयाचे नियम तो गोळा करतो. क्लृप्ती वाईट नव्हे. परंतु जिचे कारण ठाऊक नाही अशी क्लृप्ती प्रश्नाचे रूप किंचित बदलताच दगा देते. म्हणून प्रस्तुत पुस्तिकेत युक्त्यांची यादी न देता, त्या ज्या विचारातून निघाल्या तो विचार सांगण्याचे योजिले आहे.

प्रश्न प्रथम समजून घ्यावा

हंगेरीत जन्मलेले विख्यात गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या नावाचा एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी कोणताही प्रश्न सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, योजना अमलात आणणे आणि शेवटी मागे वळून उत्तर तपासणे. घाईत असलेला उमेदवार तिसऱ्या पायरीवर एकदम उडी घेतो. पहिल्या पायरीस दहा-पंधरा सेकंदच लागतात, पण तेवढा वेळ वाचवू पाहणारा पुढे दोन मिनिटे गमावतो.

प्रश्न समजणे म्हणजे तीन गोष्टी निश्चित करणे: दिले आहे काय, विचारले आहे काय आणि या दोहोंना जोडणारा संबंध कोणता. एक उदाहरण पाहू. एक घड्याळ सहाचे ठोके ५ सेकंदांत देते, तर बाराचे ठोके किती सेकंदांत देईल? उतावीळ मनुष्य १० म्हणेल. परंतु वेळ ठोक्यांना लागत नसून ठोक्यांमधील अंतरांना लागतो. सहा ठोक्यांमध्ये पाच अंतरे असतात, म्हणजे प्रत्येक अंतर एका सेकंदाचे. बारा ठोक्यांमध्ये अकरा अंतरे असतात, म्हणून उत्तर ११ सेकंद. येथे त्रैराशिक चुकलेले नव्हते. ते कशावर लावावयाचे हे चुकले होते.

इष्टकर्म: सोयीची संख्या धरणे

आता आरंभीच्या प्रवाशाकडे वळू. गाव व शहर यांमधील अंतर दिलेले नाही. मग काय करावे? ४० व ६० या दोहोंनी निःशेष भागली जाणारी १२० ही सोयीची संख्या घेऊन अंतर १२० किलोमीटर धरावे. जाण्यास ३ तास लागले, येण्यास २ तास. एकूण २४० किलोमीटर, एकूण ५ तास. म्हणून सरासरी वेग ताशी ४८ किलोमीटर. १२० ऐवजी २४० धरले असते तरी वेळही दुप्पट होऊन उत्तर तेच आले असते. कमी वेगाच्या प्रवासात त्या मनुष्याने अधिक वेळ घालविला, म्हणून उत्तर ४० च्या बाजूस झुकले, हे त्यामागील मर्म होय.

सोयीची संख्या धरून चालण्याची ही रीत परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त ती ‘इष्टकर्म’ या नावाने आली आहे. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला होता. तशी नोंद करणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

आजच्या परीक्षांत हटकून येणारा हौद व नळ यांचा प्रश्नदेखील ‘लीलावती’त आढळतो. तेथे चार झरे आहेत. एकेकटा झरा जलाशय भरण्यास अनुक्रमे १ दिवस, १/२ दिवस, १/३ दिवस व १/६ दिवस घेतो. चारही एकदम सोडल्यास किती वेळ लागेल? ‘वेळांची’ बेरीज करून काहीच हाती लागत नाही. बेरीज करावयाची ती ‘कामाची’. एका दिवसात पहिला झरा १ जलाशय भरील, दुसरा २, तिसरा ३ आणि चौथा ६, मिळून १२. म्हणून एक जलाशय १/१२ दिवसात भरेल. ‘एक गवंडी एक काम १२ दिवसांत व दुसरा ६ दिवसांत करतो, तर दोघे मिळून किती दिवसांत?’ या प्रश्नाचा गाभा हाच आहे. काम १२ भागांचे धरावे. पहिला दररोज १ भाग करतो, दुसरा २. दोघे मिळून ३. उत्तर ४ दिवस.

विलोम: उलट वाटेने चालणे

काही प्रश्नांत शेवट दिलेला असतो व आरंभ विचारलेला असतो. एका संख्येची दुप्पट केली, तीत १४ मिळविले, आलेल्या संख्येस ५ ने भागले, तेव्हा १२ उरले. ती संख्या कोणती? येथे उलट चालावे. १२ ला ५ ने गुणून ६०, त्यातून १४ वजा करून ४६, त्याचे निम्मे २३. आर्यभटांनी ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’त ही विलोम रीत दिली आहे: गुणाकाराच्या ठिकाणी भागाकार, बेरजेच्या ठिकाणी वजाबाकी.

मात्र येथे एक खाचखळगा आहे. एका वस्तूची किंमत २५ टक्क्यांनी वाढली. ती पूर्ववत् करण्यासाठी किती टक्क्यांनी कमी करावी? ‘वाढीच्या उलट घट’ म्हणून २५ टक्के हे उत्तर सुचते. परंतु मूळ किंमत १०० धरल्यास नवी किंमत १२५ होते आणि कमी करावयाचे २५ हे आता १२५ मधून कमी करावयाचे आहेत. म्हणजे २० टक्के. भास्कराचार्यांनी विलोमविधी सांगताना नेमक्या याच स्थळी वाचकास सावध केले आहे. संख्या स्वतःच्याच एखाद्या अंशाने वाढली असल्यास उलट जाताना छेदात अंश मिळवून नवा छेद करावा, असा त्यांचा नियम आहे. १/४ ने वाढलेली संख्या १/५ ने कमी करावयाची. आणि १/५ म्हणजेच २० टक्के! आठशे वर्षांहून जुना हा इशारा आजच्या उमेदवारासही तितकाच उपयोगी आहे.

पडताळा

पोल्यांची चौथी पायरी सर्वांत अधिक उपेक्षित राहते. ३९८ × ५२ हा गुणाकार करावयाचा असेल तर ४०० × ५२ = २०,८०० हा अंदाज प्रथम घ्यावा; त्यातून २ × ५२ = १०४ वजा केले की २०,६९६ हे उत्तर येते. दिलेल्या चार पर्यायांपैकी दोन तर केवळ अंदाजानेच गळून पडतात. नऊ टाकून पडताळाही घेता येतो: ३९८ मधील अंकांची बेरीज २०, तिच्यावरून २; ५२ वरून ७; २ × ७ = १४, त्यावरून ५. उत्तरातील अंकांची बेरीज २३, तिच्यावरूनही ५. पडताळा जुळला. परंतु २०,९६६ असे अंक उलटसुलट लिहिले गेले असते तरीही ५ च आले असते, हे विसरू नये. पडताळा जुळला नाही तर उत्तर निश्चित चूक. जुळला तर ते बरोबर असण्याचा संभव आहे, एवढेच म्हणता येते.

तर्काचे प्रश्न

हेच शेवटचे वाक्य आपणांस तर्कशास्त्राच्या दारी आणून सोडते. ‘अमुक असेल तर तमुक असते’ यावरून ‘तमुक असेल तर अमुक असते’ असे ठरत नाही. न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण घ्या. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे. म्हणून डोंगरावर धूर दिसताच तेथे अग्नी असल्याचे अनुमान करता येते. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

ही चूक किती सार्वत्रिक आहे हे इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांच्या १९६६ सालच्या एका कूटप्रश्नाने दाखवून दिले. तो आपल्या लिपीत असा मांडता येईल. मेजावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर व दुसरीस अंक आहे. वरची बाजू दिसते ती अशी: अ, क, ४, ७. नियम असा की, एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे ठरविण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण ‘अ’ किंवा ‘अ आणि ४’ असे सांगतात. ४ उलटून काहीच साधत नाही. सम अंकामागे व्यंजन असण्यास नियमाची हरकत नाही. उलटावयाचा तो ७: त्यामागे स्वर निघाला तर नियम मोडला. उत्तर ‘अ आणि ७’. विधानास पुष्टी देणारे शोधण्याकडे आपला कल असतो. त्यास खोटे पाडू शकेल ते शोधणे ही तर्काची शिस्त होय.

‘सर्व’, ‘काही’, ‘एकही नाही’ अशा विधानांसाठी वर्तुळे काढावीत. गणिती ऑयलर यांनी अठराव्या शतकात एका जर्मन राजकन्येस लिहिलेल्या पत्रांत ही रीत समजावून दिली होती. ‘सर्व शिक्षक वाचक आहेत; काही वाचक लेखक आहेत; म्हणून काही शिक्षक लेखक आहेत’ हे ऐकावयास पटते. पण वाचकांच्या मोठ्या वर्तुळात शिक्षकांचे लहान वर्तुळ काढा. लेखकांचे वर्तुळ वाचकांस छेदील, तथापि शिक्षकांस स्पर्शही न करता ते काढता येते. म्हणून निष्कर्ष निघत नाही. प्रत्यक्षात कित्येक शिक्षक लेखक असतात, हा मुद्दा येथे गैरलागू आहे. दिलेल्या विधानांवरून काय निघते एवढेच पाहावयाचे.

मांडणीच्या प्रश्नांत सर्वांत निश्चित अट प्रथम घ्यावी. अ, ब, क, ड, इ हे पाच जण आपल्याकडे पाठ करून एका बाकावर बसले आहेत. ब हा अ च्या लगेच उजवीकडे आहे. ड हा क च्या डावीकडे आहे, पण टोकास नाही. क मध्यभागी आहे. शेवटी दिलेली अट प्रथम घेऊन क ला मधली जागा द्यावी. ड डावीकडील दोन जागांपैकी टोकाची सोडून दुसरीवर बसला. अ आणि ब यांना लागून दोन जागा हव्यात; त्या आता उजवीकडेच उरल्या. राहिला इ, तो डाव्या टोकास. क्रम झाला: इ, ड, क, अ, ब.

उत्तर न येण्याचा हिशेब

नागरी सेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा होतो. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडल्यास सरासरीने चारांत एकदा १ मिळेल आणि तीनदा १/३ जाईल. म्हणजे लाभ शून्य. परंतु एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला तर तीन प्रयत्नांत १ मिळून २/३ जातो. प्रत्येक प्रयत्नामागे १/९ लाभ राहतो. दोन पर्याय बाद करता आले तर हा लाभ १/३ होतो. अंदाज करावा की करू नये, हा धाडसाचा प्रश्न नसून अंकगणिताचाच आहे. मात्र एका प्रश्नाशी हट्टाने झुंजत पाच मिनिटे घालविणे हा तोट्याचा व्यवहार होय. तो बाजूस ठेवून पुढे जावे व वेळ उरल्यास परतावे.

या तयारीस फार साधने लागत नाहीत. शाळेची सहावी ते दहावीची गणिताची पुस्तके सार्वजनिक वाचनालयात मिळतात. एक वही करावी. तीत सुटलेली उदाहरणे न लिहिता चुकलेली लिहावीत आणि प्रत्येकाखाली एका वाक्यात चुकीचे कारण नोंदवावे: प्रश्न नीट वाचला नाही, सूत्र चुकले, आकडेमोड चुकली की वेळ पुरला नाही. महिन्याभराने ती वही चाळताना दिसून येईल की, आकडेमोडीच्या चुका वाटतात तितक्या नाहीत. बहुतेक चुका प्रश्न नीट न वाचल्याच्या आहेत. ज्या गावी शिकवणीचे वर्ग पोहोचलेले नाहीत तेथील विद्यार्थ्यासही ही वही लिहिता येते, आणि त्याचा खरा दोष ती कोणत्याही वर्गापेक्षा अधिक स्पष्टपणे त्याला दाखवील.