मंद आंचेची परीक्षा

मोठ्या आंचेवर दूध कोणीहि तापवील. परंतु मंद केला असतां जो फडफडत नाहीं व विझतहि नाहीं तोच स्टोव्ह खरा चांगला, असें आमच्या मातोश्रींचें मत आहे. हें मत मोटारीच्या इंजिनासहि तंतोतंत लागू पडतें, हें आम्हांस गेल्या वर्षीं कळलें. आणि तेंहि पुष्कळ फजिती झाल्यावर कळलें. ज्या घरांतून एखादी जुनी मोटार वडिलांची आठवण म्हणून अद्याप जतन केलेली असेल, त्या घरांतील वाचकांस हा अनुभव उपयोगी पडेल, या हेतूनें तो येथें देत आहों.

आमच्या तीर्थरूपांनीं 1986 सालीं प्रीमियर पद्मिनी घेतली. वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची ही गाडी मूळची इटलींतील फियाट 1100. चार सिलिंडरांचें, 1089 घनसेंटिमीटरांचें साधें इंजिन आणि त्यावर एकच कार्ब्युरेटर, असा तिचा आटोपशीर संसार. तिचें उत्पादन थांबून सुमारें पाव शतक झालें, आणि मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सीहि 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. तीर्थरूप गेल्यावर आमची गाडी दोन वर्षें बहुतेक उभीच होती. पुढें ती चालू केली तेव्हां तिला एक विचित्र खोड लागल्याचें दिसून आलें. मोकळ्या रस्त्यावर ती पूर्वीसारखी धांवे. पण चौकांत थांबून पाय उचलला, कीं इंजिन दोन आचके देई व बंद पडे.

एके संध्याकाळीं मातोश्रींस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत असतां एकाच चौकांत ती तीन वेळां बंद पडली. मागें बसगाड्यांचे भोंगे, पुढें हिरवा दिवा आणि मधोमध आम्ही! मातोश्री त्या वेळीं कांहीं बोलल्या नाहींत. घरीं उतरल्यावर मात्र, “यापुढें रिक्षानेंच जात जाऊं,” एवढें म्हणून त्या आंत गेल्या. रात्रीं पानांवर बसलों असतां गाडी भंगारांत द्यावी, असा विषय आमच्या धाकट्या बंधूंनीं काढला, आणि त्याला विरोध करण्यास आमच्यापाशीं मुद्दा नव्हता.

तत्पूर्वीं आम्ही दोन ठिकाणीं गाडी दाखविली होती. एकीकडे कार्ब्युरेटरच बदलावा असें सांगण्यांत आलें. दुसरीकडे एक स्क्रू फिरवून इंजिनाचा वेग असा वाढवून दिला, कीं पाय उचलला तरी गाडी पुढेंच ओढूं लागली. दोन दिवस ती बंद पडली नाहीं खरी. पण चौकांत माणसें समोरून जात असतां ब्रेक दाबून बसतांना छातींत धडधड होई. शिवाय इंजिन तापल्यावर पहिलें दुखणें पुन्हां उपटलेंच. अखेर तीर्थरूपांच्या वेळचे वृद्ध मिस्त्रीकाका आम्हीं शोधून काढले. त्यांनीं बॉनेट न उघडतां आधीं नुसतें ऐकलें आणि म्हणाले, “साहेब, स्क्रूनें दुखणें झांकतें, बरें होत नाहीं.”

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ समजण्यास कार्ब्युरेटर काय करतो तें पाहिलें पाहिजे. अरुंद गळ्यांतून प्रवाह वेगानें गेला म्हणजे तेथील दाब उतरतो, हें व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविलें. कार्ब्युरेटरच्या गळ्यांतून हवा अशीच वेगानें जाते व मुख्य जेटांतून पेट्रोल ओढून घेते. परंतु पाय उचलला म्हणजे गळ्याखालची झडप जवळजवळ मिटते. मग हवा इतकी थोडी व संथ जाते, कीं मुख्य जेट गप्पच राहतो. उलट झडपेखालीं पिस्टनांच्या ओढीनें जोराची पोकळी निर्माण होते, व मंदगतीचा सारा व्यवहार या पोकळीवर चालतो. तिच्या ओढीनें एका निराळ्या लहान जेटांतून, ज्याला मिस्त्री मंडळी ‘स्लो जेट’ म्हणतात, पेट्रोल येतें, वाटेंत थोड्या हवेशीं मिसळतें व झडपेखालच्या बारीक छिद्रांतून इंजिनांत उतरतें. छिद्रापाशीं असलेला टोकदार स्क्रू या मिश्रणाचें प्रमाण ठरवितो. झडप किती मिटावी हें दुसरा स्क्रू ठरवितो.

स्लो जेटाचें भोंक अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर असतें. तें बुजलें तर पेट्रोल येत नाहीं, हें उघड आहे. पण झडपेखालच्या सांध्यांतून बाहेरची हवा शिरूं लागली तरी परिणाम तोच. शहाळ्यांतली नळी मध्येंच चिरलेली असली म्हणजे कितीहि ओढलें तरी पाण्यापेक्षां वाराच अधिक तोंडांत येतो, तशांतलीच ही गत. वेगांत असतांना एवढी चोरटी हवा इंजिनाच्या गणतींतहि नसते. मंदगतींत मात्र तीच प्राण घेते.

मिस्त्रीकाकांनीं कार्ब्युरेटरला प्रथम हातच लावला नाहीं, याचें आम्हांस नवल वाटलें. त्यांनीं आधीं प्लग काढून पाहिले, मग डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट. हे जळून खडबडीत झाले होते. ते बदलून त्यांनीं 0.4 ते 0.5 मिलिमीटर अंतर ठेविलें. पुढें टॅपेटांतील फट तपासली, कारण फट कमी असली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं व मंदगतींत दाब टिकत नाहीं. ठिणगी व दाब यांचे पुष्कळसे दोष कार्ब्युरेटरचें सोंग घेऊन येतात, असें ते म्हणाले. एका वेळीं एकच गोष्ट करावयाची आणि तिचा परिणाम ऐकावयाचा, असा त्यांचा परिपाठ होता. पॉइंट बदलल्यावर थोडा गुण आला. पण इंजिन बंद पडणें राहिलें नाहीं.

मग कार्ब्युरेटरची पाळी आली. पूर्वीं वाढविलेला वेग त्यांनीं आधीं मूळपदावर आणला. गाडी अंगणांत उघड्यावर होतीच; बंद शेडमध्यें इंजिन चालवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंग नाहीं व वासहि नाहीं. आमच्या पुतण्यानें पायानें इंजिन जेमतेम जिवंत ठेविलें व काकांनीं तापल्या इंजिनावर चोक अर्धा ओढला. तत्क्षणीं तें स्थिर झालें! म्हणजे मिश्रणांत पेट्रोल कमी पडत होतें. मिश्रणाचा स्क्रू त्यांनीं पूर्ण आंत फिरविला. इंजिनाच्या आवाजांत कांहींच फरक नाहीं. म्हणजे तेथून पेट्रोल येतच नव्हतें. अखेर कार्ब्युरेटरच्या बुडाशीं, सांध्यावर, पाण्याचे चार थेंब सोडले. ते आंत ओढले जाऊन इंजिनाचा सूर पालटला. चोरट्या हवेची वाट सांपडली. एक नव्हे, दोन रोग होते.

स्लो जेट काढून पाहतो तों आंत लाखेसारखा पिंवळट थर! पुतण्या लगबगीनें आजीची स्टोव्हची पिन घेऊन आला. काकांनीं त्याचा हात धरला. “बाळा, हें पितळ मऊ. पिनेनें भोंक केसभर मोठें झालें, कीं जेट कायमचा गेला.” जेट पेट्रोलांत भिजवून, हवेच्या झोतानें साफ करून, उजेडाकडे धरला तेव्हां तो लख्ख गोल दिसला. कार्ब्युरेटरचें बूड कांचेवर ठेवून पाहिलें, तर मधोमध फट दिसली. कोणीं तरी गळती थांबविण्यास नट अति आवळल्यानें तें वांकलें होतें. कांचेवर पॉलिशपेपर पसरून त्यांनीं तें सपाट घांसलें व नवें पॅकिंग घातलें. मग मिश्रणाचा स्क्रू अलगद, न आवळतां, आंत टेकविला व दीड फेरा बाहेर काढला. इंजिन जेथें सर्वांत जोमानें व सारखें चालेल तेथें तो थांबविला, आणि दुसऱ्या स्क्रूनें वेग मिनिटास सुमारें 700 ते 800 फेऱ्यांवर आणला. हे दोन्ही स्क्रू आळीपाळीनें दोन-तीनदां फिरविल्यावर इंजिन नीट बसलें.

दोष कोणाचा, याचा उलगडा त्याच दुपारीं झाला. गाडीचा खण आवरतांना तीर्थरूपांची लहान वही हातीं आली. तेल, टायर, बॅटरी यांच्या नोंदींत एके ठिकाणीं त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें, कीं गाडी महिनाभर उभी राहणार असल्यास पेट्रोलची नळी सोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. कार्ब्युरेटरांत पेट्रोल सुकूं देऊं नये. ही वही दोन वर्षें गाडींतच होती, आणि आम्ही ती उघडून पाहिली नव्हती. आजच्या पेट्रोलांत 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें हवेंतील ओलावा शोषतें, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पॅकिंग खराब करूं शकतें, व त्यामुळें मिश्रणहि थोडें विरळ होतें. तेव्हां ही सूचना तीर्थरूपांच्या काळापेक्षां आज अधिकच पाळण्यासारखी आहे. जुन्या नळ्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालाव्या, व गाडी पंधरवड्यांतून एकदां तरी फिरवून आणावी.

पुढच्या तपासणीस मातोश्रींस रिक्षानें न नेतां पुन्हां याच गाडीनें नेलें. बंधूहि बरोबर होते. त्याच चौकांत तांबडा दिवा लागला. आम्हीं पाय उचलला व श्वास रोखला. क्षणभर सगळें शांत. मातोश्रींनीं मागून विचारलें, “बंद पडली कां रे ?”

“नाहीं, आई. चालू आहे.”