‘अँटेना ट्यूनर’: संज्ञा, कार्य आणि निवड

हौशी रेडिओच्या व्यवहारात ज्याला ‘अँटेना ट्यूनर’ म्हणतात, ते उपकरण नवोदित परवानाधारकाच्या खरेदीच्या यादीत बहुधा प्रेषकाच्या खालोखाल असते. अँटेना नीट लागत नाही, सबब ट्यूनर घ्यावा, म्हणजे ती लागेल, अशी त्यामागील विचारसरणी असते. ट्यूनर आणल्यावर मापकाचा काटा इच्छित स्थानी येतो, प्रेषकही पूर्ण शक्तीने चालू लागतो. परंतु दूरच्या केंद्रांना संदेश पूर्वीइतकाच क्षीण ऐकू येतो. अशा वेळी दोष उपकरणाला दिला जातो. वस्तुतः दोष बहुतेक प्रसंगी उपकरणाचा नसून त्याच्या नावाने निर्माण केलेल्या अपेक्षेचा असतो. मोजक्या पैशांत ट्यूनर घेणाऱ्याला ही चुकीची अपेक्षा विशेष महाग पडते. कारण जो पैसा तारेवर आणि केबलवर खर्च व्हावयाचा, तो ट्यूनरवर खर्च होतो. म्हणून प्रथम संज्ञेचा, नंतर कार्याचा आणि शेवटी निवडीचा व वापराचा विचार येथे केला आहे.

१. संज्ञेचा विचार

मराठीत तंबोरा ‘लावतात’. खुंटी पिळली की तारेचा ताण बदलतो आणि तारेचा स्वर बदलतो. म्हणजे बदल प्रत्यक्ष तारेत घडतो. ‘ट्यून करणे’ या क्रियापदाने हाच अर्थ मनात उभा राहतो. अँटेनेच्या बाबतीत या अर्थाने ‘लावणे’ म्हणजे तिची लांबी कमीअधिक करणे होय. ७.१ मेगाहर्ट्झ या कंप्रतेसाठी अर्धतरंग द्विध्रुव अँटेना सुमारे २० मीटर लांबीची लागते. ती लांब असल्यास तार कापावी, आखूड असल्यास जोडावी. टेबलावर ठेवलेली ट्यूनरची पेटी यांपैकी काहीही करीत नाही. गच्चीवरील तार होती तशीच राहते.

या उपकरणाची इतर नावे अधिक प्रामाणिक होती. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील जॉन्सन कंपनीने आपल्या उपकरणाला ‘मॅचबॉक्स’ असे नाव दिले होते. काड्यापेटीवरील श्लेष सोडला तरी ‘जुळवणारी पेटी’ हा त्याचा अर्थ अचूक होता. पुढे ल्यूइस मॅकॉय यांच्या १९७० मधील ‘क्यूएसटी’ मासिकातील लेखामुळे ‘ट्रान्समॅच’ ही संज्ञा हौशी मंडळींत चांगलीच रूढ झाली. तीतही भर जुळवणीवरच होता. तथापि बाजारात टिकले ते ‘ट्यूनर’ हेच नाव. लोकव्यवहारात अचूक शब्दापेक्षा आश्वासक शब्द अधिक काळ जगतो, याचे हे एक लहानसे उदाहरण होय. मराठीत ‘जुळवणीयंत्र’ हा शब्द कार्याला धरून होईल. मात्र प्रचार ‘ट्यूनर’ या शब्दाचाच असल्याने पुढील विवेचनात तोच वापरला आहे.

२. संरोध आणि जुळणी

प्रत्यावर्ती प्रवाहाला मंडलात होणाऱ्या एकूण विरोधास संरोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. आजचे बहुतेक प्रेषक ५० ओहम संरोधाच्या भारावर चालावेत अशा रीतीने बनविलेले असतात. अँटेनेचा संरोध मात्र तिची लांबी, जमिनीपासूनची उंची आणि कंप्रता यांनुसार बदलतो. वर सांगितलेल्या २० मीटरच्या द्विध्रुवाच्या मध्याशी ७.१ मेगाहर्ट्झवर संरोध ५० ओहमच्या आसपास असतो; त्याच तारेवर १४ मेगाहर्ट्झचे प्रेषण केले असता तो काही हजार ओहमपर्यंत जातो.

भार आणि केबल यांचे संरोध जुळले नाहीत म्हणजे शक्तीचा काही भाग अँटेनेपासून परत फिरतो आणि केबलमध्ये स्थायी तरंग निर्माण होतात. त्यांचे गुणोत्तर ‘एसडब्ल्यूआर’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. पूर्ण जुळणी असता ते १ असते. गुणोत्तर २ किंवा ३ च्या वर गेले की ट्रान्झिस्टरचे प्रेषक स्वसंरक्षणार्थ आपली शक्ती आपोआप कमी करतात. येथे ट्यूनरचे काम सुरू होते. त्यातील वेटोळी आणि धारित्रे केबलच्या या टोकाशी दिसणाऱ्या संरोधाचे ५० ओहममध्ये रूपांतर करतात. परस्परांची भाषा न जाणणाऱ्या दोघांमध्ये दुभाषी उभा राहावा, तसे हे कार्य आहे. दोघेही आपापल्या ठिकाणी होते तसेच राहतात. व्यवहार मात्र सुरू होतो.

३. नाव कितपत खोटे?

यावरून ‘ट्यूनर केवळ प्रेषकाची फसवणूक करतो, अँटेनेचे काहीच भले करीत नाही’ असा उलट टोकाचा निष्कर्ष काही जण काढतात. तोही तितकाच अपुरा आहे. वॉल्टर मॅक्सवेल या अमेरिकन अभियंत्यांनी १९७३ पासून ‘क्यूएसटी’मध्ये लिहिलेल्या लेखमालेत ही गोष्ट सविस्तर मांडली. परत आलेली शक्ती म्हणजे वाया गेलेली शक्ती नव्हे. ती ट्यूनरपाशी येऊन पुन्हा अँटेनेकडे वळते. तिचा नाश होतो तो केबलमधून जाताना आणि येताना, उष्णतेच्या रूपाने. केबल जर निर्दोष असेल, म्हणजे तीत मुळीच हानी होत नसेल, तर एका टोकाशी केलेली जुळवणी दुसऱ्या टोकाशीही फलद्रूप होते आणि ट्यूनर आपले नाव सार्थ करतो. केबलमधील हानी जसजशी वाढते, तसतसे ते नाव खोटे पडत जाते.

हे आकड्यांनी पाहणे उपयुक्त आहे. ‘आरजी-५८’ जातीची पातळ केबल तीस मीटर लांब असल्यास १४ मेगाहर्ट्झवर, जुळणी पूर्ण असतानाही, सुमारे दीड डेसिबेल हानी होते. म्हणजे १०० वॅटपैकी सुमारे ७१ वॅट अँटेनेपर्यंत पोहोचतात. अँटेनेपाशी गुणोत्तर ३ असेल तर सुमारे ६१ वॅट पोहोचतात. हा फरक ऐकणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. परंतु तेथेच गुणोत्तर २० असेल, तर एकंदर हानी साडेसहा डेसिबेलच्या वर जाते आणि जेमतेम २२ वॅट उरतात. बाकीचे केबल तापविण्यात खर्ची पडतात. ट्यूनर लावून मापकावर गुणोत्तर १ आणले तरी हा हिशेब बदलत नाही. एवढेच नव्हे, तर ट्यूनर न लावता केबलच्या खालच्या टोकाशी मापन केले असता गुणोत्तर २० न दिसता सुमारे साडेचारच दिसते. कारण परत येणारी शक्ती वाटेतच विरलेली असते. निकृष्ट केबल दोष झाकते, ते असे.

केबलऐवजी दोन समांतर उघड्या तारांचा मार्ग वापरला, तर तेवढ्याच अंतरात हानी एक दशांश डेसिबेलच्या आसपास असते. अशा मार्गावर गुणोत्तर २० असूनही १०० पैकी सुमारे ८० वॅट अँटेनेला मिळतात. तीच अँटेना, तोच ट्यूनर, तेच गुणोत्तर. मार्ग बदलताच २२ चे ८० झाले. ट्यूनरच्या किमतीचा विचार करण्यापूर्वी हा फरक ध्यानी घ्यावा.

४. निवड

पहिला प्रश्न गरजेचा. एकाच पट्ट्यावर काम करणाऱ्याने द्विध्रुव नीट कापून उभारला असल्यास ट्यूनरची गरज नाही. अनेक प्रेषकांत अंतर्गत ट्यूनर असतो. तो साधारणपणे ३ पर्यंतचे गुणोत्तर सांभाळतो आणि पट्ट्याच्या कडांवर काम करण्यास तेवढा पुरतो. एकच तार अनेक पट्ट्यांवर वापरावयाची असेल, किंवा जागेच्या अभावी योग्य लांबीची तार बांधता येत नसेल, तरच स्वतंत्र ट्यूनर घ्यावा.

दुसरा प्रश्न शक्तीचा. स्वस्त ट्यूनरवर लिहिलेला ‘३०० वॅट’ हा आकडा पुष्कळदा संभाषणातील शिखरशक्तीचा असतो. तो सलग प्रेषणाचा नसतो. ‘एफटी८’सारख्या अंकीय पद्धतीत पंधरा सेकंदांच्या आवर्तनात सुमारे तेरा सेकंद अखंड प्रेषण चालते. तेथे लिहिलेल्या आकड्याच्या एक तृतीयांशावर विसंबणे श्रेयस्कर. विद्युत्दाबाचाही विचार हवा. १०० वॅट शक्ती ५० ओहमवर सुमारे ७१ व्होल्ट दाब निर्माण करते. तीच ३,००० ओहमवर सुमारे ५५० व्होल्ट, आणि शिखरमूल्य त्याहून अधिक. धारित्राच्या पात्यांतील अंतर कमी असल्यास तेथे ठिणग्या उडतात.

तिसरा प्रश्न रचनेचा. हातांनी चालवावयाच्या स्वस्त ट्यूनरांत बहुधा ‘टी’ आकाराची रचना असते: मार्गात दोन चल धारित्रे आणि त्यांच्या मधून जमिनीकडे जाणारे टप्प्याटप्प्यांचे वेटोळे. तिचा आवाका मोठा आणि खर्च थोडा, परंतु तीत एकाच भारासाठी अनेक स्थितींत जुळणी मिळते व त्यांपैकी काही स्थितींत पेटीतच बरीच शक्ती जळते. ‘एल’ आकाराच्या रचनेत एक वेटोळे व एक धारित्र असते. तीत हानी कमी होते आणि फसव्या जुळणीला वावही फारसा राहत नाही. स्वयंचलित ट्यूनर बहुधा याच रचनेचे असून त्यांत रिलेंच्या साहाय्याने लहानमोठी वेटोळी व धारित्रे जोडली जातात. ‘एटीयू-१००’ नावाचा, खुल्या आराखड्याचा असा एक ट्यूनर सुट्या भागांच्या संचाच्या रूपानेही मिळतो. मोजक्या खर्चात स्वयंचलित ट्यूनर हवा असणाऱ्याला तो विचारात घेण्याजोगा आहे. पाऊस न शिरणाऱ्या पेटीत घालून असा ट्यूनर अँटेनेपाशीच बसविला, तर वर सांगितलेली केबलमधील जास्तीची हानी टळते.

हातांनी चालवावयाच्या ट्यूनरांच्या बाजारात मिसिसिपी राज्यातील ‘एमएफजे’ या १९७२ साली स्थापन झालेल्या कंपनीचे नाव दीर्घकाळ अग्रभागी होते. तिने १७ मे २०२४ रोजी आपल्या स्टार्कव्हिल येथील कारखान्यातील उत्पादन थांबविले. जुना ट्यूनर घेताना झाकण उघडून पाहावे: धारित्राच्या पात्यांवर ठिणग्यांचे काळे डाग आहेत काय, वेटोळ्याच्या बटणाचे संपर्कबिंदू जळले आहेत काय, धारित्र फिरवताना पाती एकमेकांस घासतात काय. उघड्या तारांचा मार्ग जोडावयाचा असल्यास आत संतुलनासाठी ‘बॅलन’ आहे का, याचीही खात्री करून घ्यावी.

पाच-दहा वॅटच्या प्रेषकासाठी ट्यूनर घरीही करता येतो. उदाहरणार्थ, ७.१ मेगाहर्ट्झवर २०० ओहमचा भार ५० ओहमशी जुळवावयाचा असल्यास सुमारे १.९ मायक्रोहेन्रीचे वेटोळे मार्गात आणि सुमारे १९५ पिकोफॅरडचे धारित्र भाराच्या बाजूस समांतर जोडावे लागते. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतील ‘गँग कंडेन्सर’ एवढ्या धारितेस सहज पुरतो.

५. वापर

परवान्याविना प्रेषण भारतात कायद्याने निषिद्ध आहे; जुळवणीसाठी केलेले क्षणभराचे प्रेषणही त्यास अपवाद नाही. परवानाधारकाने पुढील क्रम पाळावा. प्रथम ग्राही चालू करून, दोन्ही धारित्रे जास्तीत जास्त धारितेवर ठेवून, वेटोळ्याच्या ज्या टप्प्यावर आकाशातील खरखर सर्वांत मोठी ऐकू येईल तो टप्पा निवडावा. मग ती कंप्रता मोकळी असल्याची खात्री करून, स्वतःचे संकेतनाम सांगून, पाच-दहा वॅटवर प्रेषण करावे आणि धारित्रे आळीपाळीने थोडी थोडी फिरवून गुणोत्तर उतरवावे. एकाहून अधिक स्थितींत जुळणी मिळाल्यास जीत धारिता अधिक आणि वेटोळे कमी, ती स्थिती स्वीकारावी. हानी तीतच कमी होते. प्रेषण चालू असता वेटोळ्याचे बटण कदापि फिरवू नये, कारण त्याने संपर्कबिंदू जळतात. प्रत्येक पट्ट्यासाठी सापडलेले आकडे वहीत नोंदून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी जुळवणी काही सेकंदांत होते. शक्ती त्यानंतरच वाढवावी. पेटी तापू लागल्यास किंवा चरचर ऐकू आल्यास प्रेषण तत्काळ थांबवावे.

सारांश, मापकावर दिसणारा १ हा आकडा प्रेषक आणि ट्यूनर यांच्यामधील वीतभर केबलविषयी बोलतो. गच्चीवरील तारेविषयी तो काही सांगत नाही. म्हणून मर्यादित पैसा प्रथम तारेच्या लांबी-उंचीवर, नंतर कमी हानीच्या मार्गावर आणि उरल्यास ट्यूनरवर खर्च करावा. पहिल्या दोन गोष्टी नीट साधल्या असतील, तर तिसऱ्या ठिकाणी साधासा, स्वस्त ट्यूनरही आपले काम चोख बजावतो.