कॅथलिक शाळेचा विचार आणि फरीदाबाद

कॅथलिक शिक्षणविचारात मुलाचे पहिले गुरू त्याचे आईवडील. शाळा त्यांच्या मदतीला उभी राहते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यात ही भूमिका मांडली आहे. शरीर, बुद्धी आणि नीती यांची वाढ एकत्र व्हावी, मुलाने समाजात आपला वाटा उचलावा आणि शाळेच्या वातावरणात शुभवर्तमानातले स्वातंत्र्य व प्रेम असावे, असे ते सांगते. गरीब, कुटुंबाला पारखी झालेली आणि श्रद्धा नसलेली मुले यांची विशेष काळजी घ्यावी, असेही त्यात आहे. ज्या शाळांत कॅथलिक नसलेली मुलेही शिकतात, त्या शाळा चर्चला प्रिय आहेत, हा उल्लेख भारताच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. येथील बहुतेक कॅथलिक शाळांचे वर्ग अशाच मुलांनी भरलेले असतात.

हा विचार फरीदाबादच्या संदर्भात पाहता येतो. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी दिल्लीच्या दक्षिणेला हे औद्योगिक नगर वसवण्यात आले. पुढे बाटा, एस्कॉर्ट्स, गुडइयर अशा कारखान्यांमुळे ते वाढत गेले. आज मेट्रोच्या स्थानकांनाही बाटा चौक आणि एस्कॉर्ट्स मुजेसर अशी नावे आहेत. दिल्लीच्या परिसरात नोकरीसाठी केरळातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे आली, त्यांत परिचारिका मोठ्या संख्येने होत्या. या कुटुंबांसाठी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 6 मार्च 2012 रोजी सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या सिरियन कॅथलिकांच्या, परंपरेचा फरीदाबाद धर्मप्रांत स्थापन केला. दिल्ली आणि हरियाणाबरोबरच पंजाब, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीर हा विस्तीर्ण मुलूख त्यात येतो. 2025 मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला, तसाच तो महाराष्ट्रातल्या कल्याणलाही मिळाला.

या परंपरेच्या शिक्षणविचाराचे मूळ केरळात, कुरियाकोस एलियास चावरा (1805–1871) यांच्या कामात सापडते. 1831 मध्ये मान्नानम येथे सुरू झालेल्या संन्यस्त संघाच्या संस्थापकांपैकी ते एक. तिथेच 1846 मध्ये त्यांनी संस्कृत शाळा काढली आणि तिचे दार सर्व जातींच्या मुलांना उघडे ठेवले. अस्पृश्याला रस्त्यावरून चालण्याचीही बंदी होती अशा काळातली ही गोष्ट आहे. सिरियन कॅथलिकांचे व्हिकर जनरल असताना, 1864 मध्ये, त्यांनी प्रत्येक चर्चशेजारी शाळा उभी करण्याचा आदेश काढला.

शाळा काढली तरी उपाशी मूल तिथे येणार कसे, या प्रश्नावर त्यांनी काढलेली तोड आजही शिकण्यासारखी आहे. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरच्या बाईने त्यातला मूठभर वेगळ्या भांड्यात टाकायचा. साठलेला तांदूळ चर्चमध्ये गोळा व्हायचा आणि त्यातून गरीब मुलांना दुपारचे जेवण मिळायचे. मल्याळी घरांत या प्रथेला ‘पिडियरी’ म्हणतात. पुढे महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘मुष्टिफंड’ उभारला, तोही याच वाटेने गेला. शिक्षणाचा भार साऱ्या गावाने उचलायचा, हे तत्त्व इथे घरोघरच्या चुलीपर्यंत पोचले. पोप फ्रान्सिस यांनी 2014 मध्ये चावरांना संतपद दिले.

वर्गात या विचाराचा कस लागतो तो नीतिशिक्षणाच्या तासाला. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना ‘मॉरल सायन्स’, अशी विभागणी भारतातल्या बऱ्याच कॅथलिक शाळांच्या वेळापत्रकात असते. इतर धर्मांच्या मुलांवर श्रद्धा लादायची नाही, हा यामागचा नियम. पण त्या तासाला ‘खोटे बोलू नये’ एवढेच वहीत उतरवून घेतले, तर तो तास वाया गेला म्हणायचे. जेझुइट शिक्षकांनी 1993 मध्ये अध्यापनाची जी रीत मांडली, तिचे टप्पे असे: मुलाची परिस्थिती, त्याचा अनुभव, त्यावर चिंतन, कृती आणि शेवटी मूल्यमापन. समजा, कँटीनवाल्याने चुकून दहा रुपये जास्त परत दिले. या रीतीने शिकवणारी बाई उत्तर आधी सांगत नाही. पैसे हातात आले तेव्हा काय वाटले, कँटीनवाल्याच्या गल्ल्यात संध्याकाळी काय कमी पडेल, असे ती विचारते आणि उत्तर मुलांमधूनच येऊ देते. सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या सांगण्याने तयार होत नाही, ही त्यामागची ठाम समजूत आहे.

शिस्तीच्या बाबतीतही हाच विचार दिसतो. तूरिनमध्ये रस्त्यावरच्या मुलांना जवळ करणाऱ्या डॉन बॉस्को यांनी शिक्षेऐवजी विवेक, धर्म आणि माया यांवर भर दिला. त्यांच्या संघाची तंत्रशिक्षण संस्था फरीदाबादपासून जवळच, दिल्लीत ओखल्याला आहे.

आजच्या पालकांना ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की इंग्रजी, गणवेश आणि शिस्त आठवते. हा आदर कमावलेला असला तरी तो या शिक्षणाच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी गरीब मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्याच फ्रेंच भाषेत वाचायला शिकवले. आपल्याकडे वसईतल्या पापडीचे थॉमस बाप्टिस्टा हायस्कूल आणि संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय यांनी मराठी मुलखातल्या मुलांमध्ये हे काम केले. कॅथलिक शाळेला इंग्रजी हे अंग आवश्यक आहे, असे या इतिहासात कुठेच दिसत नाही.

कायद्याने या शाळांना मोठी मोकळीक दिली आहे. संविधानाचे कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देते. 2014 च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असे ठरवले. त्यामुळे दुर्बल घटकांसाठी 25 टक्के जागांचे बंधनही त्यांच्यावर राहिले नाही. म्हणजे गरीब मुलाला घेणे हे आता पूर्णपणे शाळेच्या स्वतःच्या निष्ठेवर सोपवले गेले आहे. भारतातल्या बिशपांनी 2007 मध्ये जाहीर केलेल्या शिक्षण धोरणात वंचितांना अग्रक्रम देण्याचे ठरलेले आहे, तेव्हा सबब सांगायला जागा नाही. फरीदाबाद काय किंवा कल्याण काय, प्रवेशअर्ज भरणाऱ्या पालकांनी निकालाच्या टक्केवारीबरोबर आणखी एक प्रश्न मुख्याध्यापकांना जरूर विचारावा: आपल्या शाळेत फीसवलतीवर किती मुले शिकतात?