हवेचा जमाखर्च

हवेला वजन असते हे आपण सगळेच शाळेत शिकलो. पण साऱ्या पृथ्वीवरच्या हवेचे मिळून वजन किती, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो. वास्तविक हे गणित पाटीवर सुटण्यासारखे आहे. दर चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, सरासरी एक किलो हवा उभी असते. समुद्रकाठी किंचित जास्त, डोंगरावर कमी; आपण एकच धरू. एका चौरस किलोमीटरात हजार कोटी चौरस सेंटिमीटर येतात. तेव्हा तेवढ्या जागेवर हजार कोटी किलो, म्हणजे एक कोटी टन हवा झाली. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे एकंदर हवा ५१ कोटी कोटी टन.

मग तुम्ही म्हणाल, एवढ्या अफाट साठ्यात आमच्या मोटारीचा आणि गिरणीचा धूर तो काय दिसणार? शंका रास्त आहे. पण या साठ्यातला बहुतेक भाग नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा. जमिनीतून वर निघणारी उष्णता हे दोघे बिनतक्रार जाऊ देतात. तिला अडवणाऱ्यांपैकी एक आहे कार्बन डाय-ऑक्साइड, आणि तो आहे अगदी थोडा : २०२४ साली हवेच्या दहा लाख रेणूंत सुमारे ४२४. ज्याची शिल्लकच थोडी, तिथे थोडी भरही उठून दिसते.

या दहा लाखांतल्या एका भागाचे वजन किती? हवेच्या वजनाला दहा लाखांनी भागले की ५१० कोटी टन येतात. पण हे भाग रेणूंचे आहेत, वजनाचे नव्हेत. आणि हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड. म्हणून ७८० कोटी टन धरू. हा आकडा लक्षात ठेवा.

आता खर्चाची बाजू पाहू. एक लिटर पेट्रोल भरते पाऊण किलोच्या आसपास. त्यात कार्बन सुमारे ६४० ग्रॅम. जळताना बारा भाग कार्बनला बत्तीस भाग प्राणवायू चिकटतो आणि चव्वेचाळीस भाग वायू होतो. त्रैराशिक मांडा : उत्तर येते सुमारे २.३ किलो. पाऊण किलो तेलातून सव्वादोन किलोहून अधिक वायू! यात जादू काही नाही, वरचे वजन हवेतल्याच प्राणवायूचे. पण टाकी रिकामी झाली म्हणजे तेल संपले असे आपण समजतो, ते संपत नाही. वजन वाढवून आकाशात जाते.

कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू मिळून जगाने २०२४ साली सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडला. त्याला ७८० कोटींनी भागले तर वर्षाला पावणेपाच भाग वाढायला हवेत. प्रत्यक्ष मोजमाप काय सांगते? हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हे मोजमाप सुरू केले. १९५९ ची सरासरी सुमारे ३१६ होती. अलीकडच्या वर्षांतली वाढ सरासरी अडीच भागांची आहे.

मग उरलेला जवळजवळ निम्मा वायू गेला कुठे? समुद्राने विरघळवून घेतला, झाडांनी आणि मातीने घेतला. गणित चुकले नाही, आपले निम्मे देणे दुसराच कोणी फेडतो आहे. अर्थात फुकट नव्हे. समुद्राचे पाणी त्यामुळे हळूहळू आम्लतेकडे झुकते आहे. आणि पाणी तापले की त्याची वायू सामावण्याची शक्तीही कमी होते.

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आरेनियस यांनी १८९६ साली हातानेच अवाढव्य आकडेमोड करून दाखवले की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचे शास्त्रज्ञ सुमारे तीन अंश धरतात. आरेनियस यांच्या निबंधातच एक नोंद आहे : तेव्हाचा जगाचा वर्षाचा कोळसा जाळला, तर हवेतल्या साठ्याच्या एक हजारांशाइतका वायू होई. आपण आज एका वर्षात नव्वदांश सोडतो.

कारखाने वाढण्यापूर्वीचा आकडा होता २८०. त्याची दुप्पट ५६०. २०२४ च्या ४२४ पासून वर्षाला अडीचच्या चालीने निघालो, तर वाट उरते चौपन्न वर्षांची. चाल वाढली तर कमी, घटली तर जास्त. त्या साली जन्मलेले मूल तेव्हा नोकरीतून निवृत्तही झालेले नसेल.