हिरव्या पाण्याची गोष्ट

गाडीत हिरवं पाणी का भरतात, असं मघाशी विचारलंस ना चिनू? मग आधी साध्या पाण्याची गोष्ट ऐक. खरा पराक्रम त्याचाच आहे.

इंजिनात पेट्रोल पेटतं, त्या क्षणी आतला वायू दोन हजार अंशांच्याही वर तापतो. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं! तरी इंजिन शाबूत राहतं, कारण त्याच्या भिंतींमधून पाणी सारखं धावत असतं. तिथली उष्णता उचलायची, रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्याच्या हवाली करायची आणि परत आत पळायचं. जेवढ्या उष्णतेत एक किलो लोखंड नऊ अंशांनी तापतं, तेवढ्यात एक किलो पाणी जेमतेम एका अंशाने तापतं. उष्णता वाहून नेण्यात त्याचा हात धरणारा द्रव सहज सापडायचा नाही.

पण ते १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५ च्या आसपासच. पूर्वी बोरघाट चढताना गाड्या तापायच्या, बॉनेटमधून वाफा निघायच्या. ड्रायव्हर पाण्याचा डबा जवळ बाळगूनच निघायचे. त्यावर उपाय रेडिएटरच्या झाकणात आहे. आपल्या कुकरसारखं ते दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० च्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम गाडीचं झाकण कधी उघडू नये ते याचसाठी. दाब सुटला की पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि अंगावर उसळते.

थंडीत वेगळीच पंचाईत. लडाखमध्ये साधं पाणी रात्रीत गोठतं, गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिनाचं बीड तडकवतं. म्हणून त्यात एथिलीन ग्लायकोल घालतात. आता गंमत बघ. पाणी शून्याला गोठतं आणि शुद्ध ग्लायकोल उणे १३ च्या सुमारास. पण दोन्ही निम्मंनिम्मं मिसळलं तर उणे ३५ लाही गोठत नाही! बर्फ व्हायला पाण्याच्या रेणूंना शिस्तीत रचून बसावं लागतं, आणि ग्लायकोलचे रेणू मध्ये घुसून ती रचना जमू देत नाहीत. अलास्कातल्या एका रानबेडकाने अशीच युक्ती केव्हाच साधली आहे. हिवाळा आला की त्याचं यकृत रक्तात साखर ओततं. अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी गोठतं, हृदय थांबतं, पण पेशींच्या आत बर्फ होत नाही. वसंतात बेडूक उड्या मारत निघून जातो.

एक मात्र खरं, ग्लायकोल मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा उष्णता थोडी कमीच वाहतं. मग आपल्या गरम मुलखात ते कशाला? एक तर त्याने उकळण्याचा अंश आणखी वर जातो. पण मला मोलाची वाटतात ती कूलंटमधली, म्हणजे या हिरव्या पाण्यातली, गंजरोधक द्रव्यं. असतात चिमूटभर, पण धातूवर पातळ थर धरून त्याला जपतात. ती हळूहळू संपतात, म्हणून कूलंट ठरल्या मुदतीत बदलायचं. आणि त्यात बोअरचं पाणी तर मुळीच मिसळायचं नाही. त्यातले क्षार आत चिकटतात, तो थर उष्णता अडवतो आणि बारीक नळ्या बुजतात. डिस्टिल्ड वॉटरच हवं.

आणि त्या हिरव्या पाण्याला बोट लावून चाटायचं नाही हं. ते गोड लागतं, पण जहर आहे, मूत्रपिंडं निकामी करतं. अंगणात सांडलं तर कुणी कुत्रं तोंड लावायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं.